एअरगनचं पुढे काय, आणि घरी लाँचर बनवावा का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तू इचलकरंजीचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, काकांच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे. एअरगनचं तंत्रज्ञान पुढे कुठे चाललंय हे तुला समजून घ्यायचंय. शिवाय पीव्हीसी पाइप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी झडप) आणि टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर यांतून आधी एक लाँचर, म्हणजे हवेच्या दाबाने बटाट्यासारखी वस्तू फेकणारी नळी, आणि मग त्याच अनुभवावर स्वतःची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल बनवायची आहे. ‘डिझाइन सुचवा आणि जास्तीत जास्त वेग कसा मिळेल ते सांगा,’ असं विचारलंयस. वय सांगितलंस आणि सर म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

मी पुण्यात स्पर्धेच्या एअर रायफली आणि एअर पिस्तुलांची देखभाल करतो. माझ्या टेबलावर येणारी हत्यारं बहुतेक दहा मीटरवर नेम धरणाऱ्या मुलामुलींची असतात. तेव्हा हे सगळं त्या बाजूने आलेलं आहे. मोठ्या व्यासाची एअरगन घेऊन शिकारीला जाणारा अमेरिकेतला माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. लाँचरचं किंवा पीसीपीचं घरगुती डिझाइन मी देणार नाही, आणि तू ते दुसऱ्या कुणाकडून घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. कारणं खाली आकड्यांसकट देतो, कारण तू अभियांत्रिकी शिकतोयस आणि ‘नको म्हणून नको’ हे तुला पटणार नाही, पटूही नये. दुसरी गोष्ट म्हणजे, लेथवर हात बसलेल्या आणि एवढं कुतूहल असलेल्या मुलासाठी या क्षेत्रात खरं, उपयोगी काम भरपूर आहे. तेही सांगतो.

आधी तुझ्या ‘जास्तीत जास्त वेग’ या शब्दांकडे येतो, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. दहा मीटर स्पर्धेचा छर्रा ४.५ मिमी व्यासाचा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७२ मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा होते ७.८ जूल. लाखांच्या घरात किंमत असलेल्या जर्मन मॅच रायफली याच आकड्याच्या आसपास फिरतात. जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलपेक्षा थोडी बरी अशी स्प्रिंगची रायफलही कधी कधी याहून जास्त वेग देते. म्हणजे पैसे वेगासाठी मोजले जात नाहीत. ते मोजले जातात ते साठाव्या गोळीचा वेग पहिल्या गोळीइतकाच असावा म्हणून. शिवाय छर्रा कमरेत बारीक असतो, त्याला ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास नेलं की तो हवेत डळमळायला लागतो. जाहिरातीत वेगाचा मोठा आकडा दिसला की मी तरी सावध होतो.

मागच्या साठ वर्षांचा इतिहास बघितलास तर हेच दिसेल. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते, मग पिस्टन टोकाला अडतो आणि रायफल पुढे हिसका खाते. हे सगळं होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे हातातली बारीकशी ढिलाईसुद्धा निशाण्यावर उमटते. साठ-सत्तरच्या दशकांत फाइनवेर्कबाउ कंपनीने यावर उपाय काढला: रायफलीचा वरचा भाग रुळांवर मागे सरकू द्यायचा, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत एकदाच दांडा ओढून हवा दाबून ठेवणारी रचना रुळली. पिस्टनची झेपच गेली, धक्का गेला. याच काळात, १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये एअर रायफल हा प्रकार पहिल्यांदा खेळला गेला, आणि १९८८ ला सोलमध्ये एअर पिस्तूल.

मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या रायफलीही आल्या. लोडिंग सोपं, धक्का जवळपास नाही. पण त्या वायूचा दाब तापमानावर चालतो: २० अंशांना सुमारे ५७ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब), ३० अंशांना ७२ च्या जवळ. जर्मनीतल्या बंदिस्त हॉलमध्ये ठीक, पण आपल्याकडे सकाळी नऊ आणि दुपारी दोन यांत केवढा फरक पडतो! म्हणून नव्वदच्या दशकात दाबून भरलेल्या साध्या हवेवर, म्हणजे पीसीपीवर सगळे वळले. सिलिंडरमध्ये २०० बार हवा भरायची आणि रेग्युलेटरने ती बऱ्याच कमी, स्थिर दाबावर आणून व्हॉल्व्हला द्यायची. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर जे काम करतो तेच हे, फक्त इथे दाब अनेक पटींनी जास्त आणि चूक खपवून घेण्याची तयारी जवळपास शून्य.

हा रेग्युलेटर म्हणजे आधुनिक एअरगनचं हृदय आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. काही काळापूर्वी एका मुलीची रायफल माझ्याकडे आली. तक्रार अशी की मालिकेतली पहिली गोळी वर जाते, पुढच्या नीट बसतात. प्रशिक्षक श्वासावर काम करून घेत होते आणि ती स्वतःला दोष देऊन थकली होती. रायफल क्लॅम्पमध्ये धरून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर घेतली. सलग मारल्या तर १७२, १७२, १७१, १७२. मग पाच मिनिटं तशीच ठेवली आणि एक मारली: १७६. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा १७६. रेग्युलेटर उघडून सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकून हवा अडवते त्या भागावर भिंग धरलं, तर केसाएवढा ओरखडा होता आणि त्याच्या टोकाला पितळेचा एक कण अडकलेला, बहुधा आट्यांतून सुटून आलेला. रायफल स्वस्थ असताना त्या फटीतून हवा थेंबाथेंबाने पुढे झिरपायची, दाब ठरवलेल्या आकड्याच्या वर चढायचा आणि पहिल्या गोळीला तो जास्तीचा दाब मिळायचा.

आता याचा हिशोब कर. दहा मीटर जाताना छर्रा गुरुत्वाकर्षणाने साधारण १७ मिमी खाली येतो. वेग सव्वादोन टक्के वाढला तर हे खाली येणं साडेचार टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे छर्रा सुमारे ०.८ मिमी वर लागतो. एअर रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका दशांश गुणाची पायरी पाव मिलिमीटरची. म्हणजे त्या कणाने प्रत्येक मालिकेत तिचे तीन दशांश गुण खाल्ले. आज पात्रता फेरीत साठ गोळ्या दशांशात मोजतात, आणि अंतिम फेरीत जाणारा आठवा कोण आणि बाहेर राहणारा नववा कोण हे कित्येकदा एका दशांशावर ठरतं. सीट बदलली, आटे साफ केले, पुन्हा मोजलं आणि पाच मिनिटांनंतरची गोळीही १७२ वर आली. तिला ते आकडे दाखवले तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे बघत होती.

दशांश मोजणी का आली, हेही याच गोष्टीतलं आहे. २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. माणूस आणि यंत्र दोघंही पूर्णांकांच्या मोजपट्टीच्या टोकाला पोचले होते. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश धरायला सुरुवात झाली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तो या दशांशांच्या जगात. तेव्हा ‘एअरगनचं भविष्य’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जोर येत नाही, सारखेपणा येतो.

मग पुढे काय दिसतंय? सगळ्यात मोठा बदल इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, आणि तो सुरू होऊन बराच काळ झालाय. मोरिनीचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं एअर पिस्तूल नव्वदच्या दशकापासून स्पर्धांत आहे. यांत्रिक ट्रिगरमध्ये धातूच्या दोन कडा एकमेकींवरून घसरतात, त्या झिजतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये दाब आणि प्रवास हवा तसा बसवता येतो आणि तो तसाच राहतो. पुढची पायरी म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा हेही सर्किटनेच ठरवणं. ब्रिटनच्या डेस्टेट कंपनीने स्प्रिंगवरच्या हातोडीऐवजी सोलेनॉइडने व्हॉल्व्ह उघडायची पद्धत रुळवली. त्यांच्या डेल्टा वुल्फ या रायफलीत नळीच्या तोंडाशीच क्रोनोग्राफ आहे. प्रत्येक गोळीचा वेग मोजायचा आणि पुढच्या गोळीसाठी व्हॉल्व्हची वेळ त्यानुसार सुधारायची. मी वर सांगितलेली रेग्युलेटरची झिरप अशा रायफलीत पहिल्याच दिवशी आकड्यांत दिसली असती. माझ्या मते पुढची काही वर्षं याच दिशेची आहेत: मोजणारी आणि स्वतःला सुधारणारी एअरगन.

पण ती सगळ्यांनी घ्यावी का? ते परिस्थितीवर आहे. पुण्या-मुंबईत हवा भरायची सोय आहे, सर्किट बिघडलं तर निदान बाहेर पाठवायला कुरिअर आहे. लहान गावातल्या क्लबला मी अजूनही चांगली यांत्रिक ट्रिगरची रायफल सुचवतो, आणि जिथे भरण्याची सोयच नाही तिथे एका दांड्यावर चालणारी जुनी रायफलसुद्धा शिकायला उत्तम. कोकणात आणि पावसाळ्यात तर हातपंपाने भरताना ओलावा आत जातो, सिलिंडर आतून खराब होतो. तिथे हवा कोरडी करणारा फिल्टर हा खर्च टाळू नये. आणखी एक, सिलिंडरला वापराची मुदत असते. उत्पादक ती बहुधा दहा वर्षांची देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळते आहे म्हणून घेणाऱ्यांनी आधी सिलिंडरवरची तारीख वाचावी.

बाकीचे प्रवाह पटकन सांगतो. शिशाला पर्याय शोधणं जोरात आहे. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांमध्ये शॉटगनच्या शिशाच्या छर्ऱ्यांच्या वापरावर बंदी आणली आहे, आणि कथिलाचे छर्रे बाजारात आहेत. तोपर्यंत सरावानंतर साबणाने हात धुवायचे आणि रेंजवर खायचं नाही, हा नियम पाळायचा. आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून एअर पिस्तूल सोडून लेझर पिस्तूल घेतलं. नेमबाजीच्या मुख्य स्पर्धांत तसं लवकर होईल असं मला वाटत नाही, पण सरावात लेझर आणि नेमाची हालचाल नोंदवणारे सेन्सर आधीच रुळले आहेत. मोठ्या व्यासाच्या शिकारी एअरगन अमेरिकेत वाढताहेत. आपल्या देशातल्या खेळाडूला त्याचा काही उपयोग नाही.

आता लाँचर.

तू म्हणतोस, पीव्हीसी पाइपवर १० किलोचा (म्हणजे जवळपास १० बार) दाब लिहिलेला असतो, मी तर सातच भरणार. तो आकडा पाण्यासाठी आहे. यातला फरक समजून घे, कारण पाठ्यपुस्तकात तो असतो पण हाताला जाणवत नाही. दहा लिटरच्या टाकीत ७ बार दाबाचं पाणी भरलंस तर पाणी फारसं दबत नसल्याने त्यात साठलेली ऊर्जा होते जेमतेम एक जूल. टाकी फुटली तर चिरेतून पाणी फवारेल आणि दाब तिथल्या तिथे संपेल. त्याच टाकीत ७ बार हवा भरलीस तर साठलेली ऊर्जा पाच ते दहा हजार जूल. तीच टाकी, तोच दाब, आणि फरक हजारो पटींचा. म्हणूनच दाबाची भांडी तपासताना ती पाण्याने भरून तपासतात.

त्यात पीव्हीसी ठिसूळ. स्टीलचं भांडं सहसा आधी फुगतं, वाकतं, इशारा देतं. पीव्हीसीचे क्षणात धारदार तुकडे होतात आणि ते सगळीकडे उडतात. उन्हात राहिलेला पाइप, सोल्युशनने जोडलेला सांधा, एकदा जमिनीवर आपटलेला तुकडा, यांपैकी कोणता आज दगा देईल हे बाहेरून बघून सांगता येत नाही. दहा वेळा टिकला म्हणून अकराव्या वेळी टिकेल असंही नाही, कारण प्रत्येक भरणीने सूक्ष्म चिरा वाढतात. आणि लाँचर चालवणारा माणूस भांड्याला चिकटूनच उभा असतो, बहुतेक वेळा तोंड त्याच उंचीवर. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनमुळे किती मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, हे तू वाचलं असशील. वानरं हाकलायला शेतात वापरायची पाइपची वस्तू खेळणं म्हणून विकली गेली. तिथे वायू पेटतो, तुझ्याकडे हवा दाबलेली असेल, पण पाइप तोच आणि डोळाही तेवढाच नाजूक.

पीसीपीचं म्हणशील तर लेथवर सिलिंडर बनवण्याआधी एक गणित करून बघ. २०० बार म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन. आतला व्यास ३० मिमी धरला तर टोकाच्या बुचावर पडणारं बल सुमारे १४ हजार न्यूटन, म्हणजे जवळपास १४०० किलो वजन. ते बुच तुझ्या गालापासून एका वितीवर असतं. हे आटे किती खोल, कोणत्या मिश्रधातूचे, किती भरण्यांनंतर थकतील, हे कारखाने नमुने फोडून फोडून ठरवतात. काकांच्या वर्कशॉपमध्ये ती सोय नाही, कुठल्याच लहान वर्कशॉपमध्ये नसते. भरताना चुकीचं तेल किंवा ग्रीस आत गेलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेटू शकतं, आणि हवेऐवजी ऑक्सिजन भरण्याचा प्रयत्न तर जीवघेणा आहे. मी स्वतः सिलिंडर कधीही ‘दुरुस्त’ करत नाही. ओरखडा खोल दिसला, टोला बसलेला दिसला की तो बाद. हवा भरायच्या मोठ्या सिलिंडरांसाठी देशात स्वतंत्र नियमावली आहे आणि ती राबवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यांचा शिक्का आणि तपासणीची तारीख नसलेल्या सिलिंडरमधून मी हवा घेत नाही.

कायद्याचंही बघ. आपल्याकडे २० जूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिमीपर्यंत व्यास असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तर ते परवाना लागणारं शस्त्र. तुझ्या लाँचरमधून दीडशे ग्रॅमचा बटाटा सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा १२० जूल, मर्यादेच्या सहापट, आणि व्यास तर विचारूच नको. ‘प्रोजेक्ट आहे’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही, आणि ऐन शिक्षणाच्या वयात असा गुन्हा नावावर लागला तर पासपोर्टपासून नोकरीपर्यंत मागे लागतो. परवान्याबाबत शंका असेल तर जिल्ह्याच्या परवाना शाखेत लेखी विचारावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि परवाना न लागणाऱ्या एअरगननेही पक्ष्यांवर नेम धरायचा नाही. बहुतेक सगळे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोक आपणहून एअरगन सरकारजमा करताहेत, ते पक्ष्यांची जंगलं सुनी होऊ लागली म्हणूनच.

याचा अर्थ हवेच्या दाबाने वस्तू फेकण्याचं तंत्र वाईट आहे असा मुळीच नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या अडकला की वनविभागाचं पथक भुलीच्या औषधाची सुई ज्या साधनाने मारतं, ते वायूच्या दाबावरच चालतं. तिथे तर कसोटी उलटी असते. सुई फार जोरात गेली तर मांडीचं हाड मोडू शकतं, हळू गेली तर कातडीवरून घसरते. म्हणून आधी अंतर मोजतात, त्याप्रमाणे दाब बसवतात आणि मांडीच्या जाड स्नायूवर नेम धरतात. विमानाच्या काचेवर पक्षी आदळल्यास काय होईल, हे तपासायला दाबाच्या हवेची तोफच वापरतात. आघाताखाली धातू कसा वागतो हे अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांत गॅस गन असते. तुला लाँचर बनवायचेच असतील तर डिप्लोमानंतर डिग्री कर आणि अशा ठिकाणी जा. तिथे भांडी प्रमाणित असतात, मधे पोलादी भिंत असते आणि शेजारी जाणकार माणूस असतो.

आत्ता, या महिन्यात काय करता येईल? हवेने काहीतरी उडवायचंच असेल तर पाण्याचं रॉकेट कर. शीतपेयाची दोन लिटरची नवी बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप आणि त्यावर दाबाचा काटा. ही बाटली गॅस असलेल्या पेयासाठीच बनवलेली असते, तरी तीन-चार बारच्या वर जाऊ नकोस. सुटका लांब दोरीने करायची, जवळ उभं राहून नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच, टोकाला स्पंज हवा, आणि चुरगळलेली किंवा ओरखडे पडलेली बाटली पुन्हा वापरायची नाही. पाण्याचं प्रमाण आणि उंची यांचा आलेख काढलास तर तुझ्या कॉलेजचा प्रोजेक्ट तिथेच होतो.

मला मात्र तुझ्याकडून वेगळं काहीतरी करून घ्यावंसं वाटतं: क्रोनोग्राफ. वर सांगितलेल्या रेग्युलेटरचा दोष ज्याने सापडला ते यंत्र. बाहेरून आणलेलं चांगलं यंत्र लहान क्लबला महाग पडतं, म्हणून बहुतेक ठिकाणी रायफलींचा वेग कधी मोजलाच जात नाही. दोन इन्फ्रारेड सेन्सर, मधे ठरावीक अंतर, एक मायक्रोकंट्रोलर. सोपं वाटतं, पण इथेच खरी अभियांत्रिकी आहे. सेन्सरांमधलं अंतर १०० मिमी असेल तर १७२ च्या वेगाचा छर्रा ते सुमारे ५८० मायक्रोसेकंदांत ओलांडतो. आर्डुइनो उनो या साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचं वेळ मोजायचं नेहमीचं फंक्शन चार मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालतं, म्हणजे पाऊण टक्क्याची चूक तिथेच. त्या मुलीच्या रायफलीतला सव्वादोन टक्क्यांचा फरक कदाचित दिसला असता, अर्ध्या टक्क्याचा नसता दिसला. म्हणून चिपमधल्या टायमरची इनपुट कॅप्चरची (सिग्नल येताक्षणी वेळ आपोआप नोंदवायची) सोय वापर, तिथे पायरी एका मायक्रोसेकंदाच्या सोळाव्या भागाइतकी बारीक येते. सेन्सर बसवायची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची कर, लेथ-मिलिंगवर घे, आणि दोन छिद्रांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून तोच खरा आकडा प्रोग्राममध्ये टाक. शंभर गृहीत धरू नकोस.

चाचणी स्वतःच्या अंगणात करू नकोस. तुमच्या जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे जा, सचिवांना भेट, काय करायचंय ते सांग. क्लबच्या रायफलीवर, रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मोजायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. रायफली तपासून मिळणार असतील तर चहाही पाजतील. प्रत्येक रायफलीच्या सलग दहा गोळ्या आणि पाच मिनिटं थांबून मारलेल्या तीन गोळ्या, एवढं लिहून आण. सोबत तापमान, सिलिंडरमधला दाब आणि छर्ऱ्याचा प्रकार लिही. ते आकडे मला पाठवलेस तर कोणत्या रायफलीत काय बिघडलंय हे आपण बसून काढू.

पहिल्या दिवशी आकडे विस्कळीत आले तर रायफलीला दोष देण्याआधी छतावरच्या दिव्याकडे बघ. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते आणि उघड्या सेन्सरला ते छर्ऱ्यासारखं वाटू शकतं. सेन्सरवर काळ्या कागदाची बोगदेवजा नळी कर, दिवा बंद करून बॅटरीवरच्या एलईडीत पुन्हा दहा गोळ्या घे आणि मग तुलना कर.